पाळण्यातील पाय आणि हातातील मोजपट्टी



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या स्मृतीला प्रथम अभिवादन करते. शिक्षकाच्या स्मरणार्थ योजलेल्या व्याख्यानात मी शाळेत येण्यापूर्वीच्या मुलाविषयी बोलणार आहे, हे काहींना वेगळे वाटेल. परंतु पहिलीच्या वर्गात मूल प्रथम पाऊल टाकते तेव्हा त्याच्यामागे सत्तर-बाहत्तर महिन्यांचे आयुष्य उभे असते. त्या महिन्यांत मान धरण्यापासून पेन्सिल धरण्यापर्यंतचा केवढा तरी प्रवास झालेला असतो. तो नीट झाला की नाही, हे कोणी आणि कसे पाहावयाचे, असा आजचा प्रश्न आहे. मुलांच्या भौतिकोपचाराच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या क्षेत्रात काम करताना हा प्रश्न मला रोज भेटतो.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी आपली एक म्हण आहे. पुढे हे मूल काय होणार, याची चिन्हे आधीच दिसू लागतात, असा तिचा अर्थ आपण घेतो. बाळाच्या विकासाची प्रमाणित चाचणी झाली आणि हाती एक आकडा आला, की पालकांच्या मनात हीच म्हण जागी होते. आकडा चांगला असेल तर ते निर्धास्त होतात, कमी असेल तर खचून जातात. दोन्ही प्रतिक्रियांमागे एकच समजूत असते, ती ही की मोजपट्टीने मुलाचे भविष्य सांगितले. मोजपट्टी भविष्य सांगत नाही. मूल आज कोठे आहे आणि त्याला आज कोणत्या मदतीची गरज आहे, एवढेच ती सांगते. आजच्या व्याख्यानात मला हेच मांडावयाचे आहे.

मोजावयाचेच कशासाठी?

आजीबाईंच्या अनुभवी डोळ्यांना जे दिसते त्यासाठी चाचणी कशाला हवी, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. बाळ पालथे पडले, पोटावर सरकू लागले, रांगू लागले, धरून उभे राहिले, पाऊल टाकले, अशा एकेका टप्प्यासाठी आपल्या भाषेत स्वतंत्र शब्द आहेत. आपल्या घरांनी मुलांकडे किती बारकाईने पाहिले आहे, याचाच तो पुरावा होय. अडचण अशी, की घरातील डोळ्यांवर मायेचा पडदा असतो. 'याचे वडीलही उशिराच चालले होते', या एका वाक्यावर कित्येक महिने निघून जातात. उलट बाजूने, शेजारच्या मुलाने दहाव्या महिन्यात पाऊल टाकले म्हणून बारा महिन्यांच्या निरोगी मुलाची आई रात्र-रात्र जागते. पहिल्या घरात काळजी हवी असताना ती नसते, दुसऱ्या घरात नको असताना ती असते.

प्रमाणित चाचणी म्हणजे या दोन्ही घरांना समान न्याय देण्याचा प्रयत्न. त्यासाठी तीन गोष्टी ठरलेल्या असाव्या लागतात. प्रत्येक मुलापुढे साहित्य तेच ठेवावयाचे: लाल कडी, एक इंची ठोकळे, घंटी, पेला, खुंट्यांची पाटी. सूचना त्याच द्यावयाच्या आणि संधी तितक्याच वेळा द्यावयाची. गुण देण्याचा नियमही तोच असावयाचा. ठोकळा पडता पडता राहिला तर 'बसवला' म्हणावयाचे की नाही, हे परीक्षकाच्या मर्जीवर सोडावयाचे नाही. या तिन्हींमागे चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट असते, ती म्हणजे तुलनेचा आधार. पुष्कळ मुलांना त्याच रीतीने तपासून, कोणते काम निम्मी मुले कोणत्या महिन्यात करतात, याची सारणी आधी तयार करावी लागते. या आकड्यांना आपण प्रमाणके म्हणू. प्रमाणकांवाचून चाचणी म्हणजे आकडे नसलेली फूटपट्टी.

वीस महिन्यांचे मूल हालचालींच्या कामांत साधारण पंधरा महिन्यांच्या मुलाइतके करीत असेल, तर पंधराला विसाने भागून शंभराने गुणावयाचे. पंचाहत्तर हा त्याचा कारक विकासगुणांक झाला. गणित एवढे सोपे आहे. पंधरा हा आकडा कोणत्या मुलांवरून काढला, हे तपासणे मात्र सोपे नाही.

मोजपट्टीचा मूळ हेतू

1904 मध्ये फ्रान्सच्या शासनाने एक आयोग नेमला. सामान्य वर्गात मागे पडणारी, विशेष शिक्षणाची गरज असलेली मुले कशी ओळखावीत, हा त्याच्यापुढील प्रश्न होता. त्यातून आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांची 1905 ची पहिली बुद्धिमापन श्रेणी जन्मली. मुलाला मदत मिळावी, हा बिने यांचा हेतू होता. बुद्धी ही जन्मतःच ठरलेली, न बदलणारी वस्तू आहे, हे मत त्यांना मान्य नव्हते. 1911 मध्ये ते निवर्तले. पुढे अमेरिकेत हेन्री गॉडार्ड आदींनी त्याच श्रेणीचा उपयोग माणसांवर कायमचा शिक्का मारण्यासाठी केला. मदतीचे दार दाखवण्यासाठी केलेली पट्टी दार बंद करण्याच्या कामी आली. दोष पट्टीचा नव्हता, ती हाती घेण्यामागील हेतूचा होता. ही कथा आज आपल्या शाळांनाही लागू पडते, तिच्याकडे मी शेवटी येईन.

आपल्याकडे हे काम पोहोचले ते सीमाभागातून. धारवाडला डॉ. वि. वि. कामत यांनी बिने यांच्या श्रेणीचे रूपांतर कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी केले. त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1940 मध्ये प्रसिद्ध झाला. 'बिने-कामत' हे नाव आजही देशभरातील मानसशास्त्रज्ञांना परिचित आहे. परकीय प्रश्न केवळ शब्दशः उतरवून भागत नाही, आपल्या मुलांवर ते नव्याने तपासावे लागतात, हा धडा त्या कामाने घालून दिला.

बडोद्याची मोजपट्टी

प्रश्नोत्तरांची चाचणी बोलत्या मुलांसाठी झाली. बोलू न शकणाऱ्या तान्ह्या बाळाचे काय? येल विद्यापीठात आर्नोल्ड गेझेल यांनी बालकांच्या वागणुकीची महिन्यामहिन्याची कोष्टके तयार केली. कॅलिफोर्नियात बर्कले येथे 1928 मध्ये एक दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. त्यातील नॅन्सी बेली यांनी तीच तीच मुले जन्मापासून वर्षानुवर्षे तपासली, आणि त्यांच्या श्रेणीची पहिली संपूर्ण आवृत्ती 1969 मध्ये निघाली. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या बेली श्रेणीचे मूळ ते.

येथे आपल्या शहराचे नाव येते. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या गृहविज्ञान विद्याशाखेतील बालविकास विभागात डॉ. प्रमिला फाटक यांनी बेली यांच्या श्रेणीवर आधारलेले काम भारतीय बालकांवर केले आणि 1970 मध्ये त्याचा अहवाल सिद्ध झाला. 'बडोदा प्रमाणके' या नावाने ते ओळखले जाते. 1997 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. तीत कारक विकासाची 67 आणि मानसिक विकासाची 163 कामे आहेत, आणि ती अडीच वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी आहे. प्रत्येक कामापुढे निम्मी मुले ते कोणत्या वयात करतात हे तर दिलेले आहेच. शिवाय शंभरांतील पहिली तीन मुले ते केव्हा करतात आणि सत्त्याण्णव मुलांना ते केव्हापर्यंत जमलेले असते, हेही दिलेले आहे. 1991 मध्ये याच प्रमाणकांतून निवडलेल्या अवघ्या 17 कामांचा तक्ता तिरुवनंतपुरमला तयार झाला. आरोग्यसेविकेलाही तो काही मिनिटांत वापरता येतो. बडोद्याच्या बाळांनी उचललेल्या ठोकळ्यांवरून केरळातील बाळाची प्रगती जोखली जाते. आपल्या शहराचे हे ऋण वैद्यकाच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम सांगितले.

आता त्या म्हणीकडे वळू. बेली यांनी स्वतःच्याच मुलांचे आकडे वर्षानुवर्षे पडताळले तेव्हा असे आढळले, की पहिल्या वर्षातील गुणांवरून पुढील बुद्धिमत्तेचा अंदाज जवळजवळ करता येत नाही. जिने मोजपट्टी तयार केली, तिनेच तिची मर्यादा जगापुढे ठेवली. फार कमी गुण मात्र दुर्लक्षून चालत नाहीत, कारण त्यांच्यामागे बहुधा एखादे कारण असते आणि ते शोधावयास हवे. तेव्हा पाळण्यात पाय पाहावेत ते जरूर पाहावेत. पण कुंडली मांडण्यासाठी नव्हे, तर दोन्ही पाय सारखे हलतात की नाही, हे तपासण्यासाठी.

एकच वय नसते

'मूल कितव्या महिन्यात चालावे?' या प्रश्नाला एक आकडा हे उत्तर नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील निरोगी मुलांचा अभ्यास करून 2006 मध्ये सहा हालचालींच्या कालमर्यादा प्रसिद्ध केल्या. आधाराशिवाय बसणे 3.8 ते 9.2 महिने, कोणाच्याही मदतीशिवाय चालणे 8.2 ते 17.6 महिने. म्हणजे नवव्या महिन्यात चालणारे आणि सतराव्या महिन्यात चालणारे, दोन्ही मुले निरोगी असू शकतात. त्याच अभ्यासात शंभरांतील सुमारे चार मुले हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. 'रांगला नाही, एकदम उभा राहिला', ही आजीची तक्रार ऐकली की मी त्यांना हा आकडा सांगते.

संगोपनाच्या रीतीही परिणाम करतात. केनियातील एका खेड्यात चार्ल्स सुपर यांनी पाहिले, की तेथील माता बाळाला बसावयास आणि चालावयास जाणीवपूर्वक शिकवतात. तेथील मुले त्या दोन गोष्टींत पाश्चात्त्य मुलांच्या पुढे होती, पण ज्यांचा सराव दिला जात नाही त्या रांगण्यासारख्या गोष्टींत पुढे नव्हती. ज्या बाळाला दिवसभर झोळीत किंवा कडेवर ठेवले, त्याला जमिनीवर पालथे पडून मान उचलण्याची संधीच मिळालेली नसते. अशा वेळी परीक्षकाने गुण कापून थांबू नये. सतरंजी अंथरून दोन आठवडे बाळाला जागेपणी खाली खेळू द्यावे आणि मग पुन्हा पाहावे.

आणखी एक हिशेब विसरू नये. बत्तीस आठवड्यांचे जन्मलेले बाळ आठ आठवडे आधी आलेले असते. जन्मतारखेने ते सहा महिन्यांचे झाले तरी मोजताना ते चार महिन्यांचे धरावयाचे, आणि साधारण दोन वर्षांपर्यंत ही वजाबाकी करावयाची. एवढे न केल्याने निष्कारण घाबरलेली घरे पुष्कळ आहेत.

तरीही काही खुणा अशा, की त्यांच्यासाठी थांबू नये. अठरा महिने उलटूनही मूल स्वतंत्रपणे चालत नसेल, आलेले कौशल्य गेले असेल, किंवा वर्षाच्या आतच बाळ एकच हात वापरू लागले असेल, तर दाखवावे. 'आमचे बाळ आतापासूनच डावरे आहे', असे आई कौतुकाने सांगते. पण इतक्या लहान वयात दुसरा हात मागे राहतो तो का, हे पाहिलेच पाहिजे. तो हात दुबळा असू शकतो.

दोन जातींच्या पट्ट्या

येथवर सांगितलेल्या चाचण्या मुलाची इतर मुलांशी तुलना करतात. मदतीची गरज कोणाला, हे ओळखण्यास त्या उत्तम. पण उपचार सुरू झाल्यावर त्याच पट्टीने मोजत राहणे अन्यायाचे होते. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे विकसनशील मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालीत येणारे अपंगत्व, असलेले मूल वर्षभर कष्ट घेऊन आधाराशिवाय बसावयास शिकते. त्या वर्षात त्याच्या वयाची मुले धावू लागलेली असतात, म्हणून त्याचा विकासगुणांक उलट खाली येतो. आईने पाहिले ते खरे, की आकडा खरा?

दोन्ही खरे, पट्टी चुकीची निवडली. यासाठी कॅनडातील ओंटारिओ प्रांतात तयार झालेले, 1989 मध्ये प्रसिद्ध झालेले स्थूल कारक कार्यमापन हे साधन आहे. त्यात 88 कामे पाच गटांत आहेत: पडून राहणे व कूस बदलणे, बसणे, रांगणे व गुडघ्यांवर उभे राहणे, उभे राहणे, आणि चालणे, धावणे, उड्या मारणे. प्रत्येक कामाला शून्य ते तीन गुण. काम सुरूही झाले नाही तर शून्य, पूर्ण झाले तर तीन. मधल्या धडपडीलाही येथे गुण आहेत. या पट्टीवर मुलाची तुलना होते ती त्याच्याच सहा महिन्यांपूर्वीच्या नोंदीशी. गेल्या खेपेस बत्तीस टक्के होते, या खेपेस एकेचाळीस झाले, असे सांगता येते, तेव्हा उपचार चालू ठेवण्यास आईच्या अंगी नवे बळ येते. आणि आकडा हललाच नाही, तर उपचार बदलण्याचे धैर्य आम्हालाही दाखवावे लागते. मोजमापाचा हा धाक उपचारकावरही असावा.

चाळणी आणि निदान

शासनाचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत विकासातील विलंबाचाही समावेश झाला आणि जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आली. ही गोष्ट चांगली आहे. पण पहिल्या तपासणीचा अर्थ पालकांना नीट समजावून द्यावा लागतो. समजा, एक हजार मुले तपासली आणि त्यांतील पन्नास मुलांना खरोखर विलंब आहे. चाळणी बरीच चांगली आहे असे धरू: पन्नासांतील चाळीस मुले ती पकडते आणि उरलेल्या 950 मधील दहा टक्के, म्हणजे 95 मुलांना ती चुकून अडवते. एकूण 135 मुले अडकली, त्यांतील खरी गरजू चाळीस. म्हणजे चाळणीत अडकलेल्या दर तीन-चार मुलांत एकालाच विलंब आहे. आणि दहा गरजू मुले चाळणीतून निसटली आहेत. म्हणून अडकलेल्या मुलाच्या आईने खचू नये, त्याची सविस्तर तपासणी करून घ्यावी. निसटलेल्याच्या आईने, मन साशंक असेल तर, 'चाचणीत सारे ठीक आले' एवढ्यावर थांबू नये. आईच्या शंकेला कोणतीही चाचणी पर्याय नाही.

मोजपट्टीही जुनी होते. बेली यांच्या श्रेणीच्या नव्या आवृत्त्या 1993, 2006 आणि 2019 मध्ये निघाल्या. 2006 च्या आवृत्तीत मुलांना पूर्वीपेक्षा जास्त गुण मिळतात आणि काही विलंब झाकले जातात, असे संशोधकांच्या लक्षात आले. मूल तेच, पट्टी बदलली आणि निष्कर्ष बदलला. बडोदा प्रमाणकांच्या पायाशी असलेली मुलेही आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. आजच्या बाळांवर ते काम नव्याने व्हावे, ही अपेक्षा या शहरात नाही तर कोठे व्यक्त करावी?

आपल्या घरातील दोन भाषा

आपल्यासारख्या घरांचा एक खास प्रश्न आहे. घरात मराठी, अंगणात गुजराती, बालवाडीत कदाचित इंग्रजी. दोन वर्षांच्या मुलाचे शब्द मोजताना परीक्षक गुजरातीत विचारतो आणि मूल थोडेच बोलते. 'शब्दसंग्रह कमी', अशी नोंद होते. मग कोणी तरी सल्ला देते, की घरात मराठी बोलणे बंद करा. हा सल्ला निराधार आहे. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे दोन्ही भाषांतील शब्द एकत्र धरून मोजावयाचे असतात. मांजर पाहून ते घरी 'मांजर' आणि शेजारी 'बिलाडी' म्हणत असेल, तर त्याच्याजवळ शब्द दोन आहेत, आणि कोठे कोणता वापरावा ही समजही आहे. विलंब असलाच तर तो दोन्ही भाषांत दिसतो. एकाच भाषेत दिसत असेल, तर तेथे सरावाची उणीव असते. मुलाला मातृभाषेत तपासा, निदान मातृभाषा जाणणारे माणूस जवळ बसवा, असा आग्रह पालकांनी निःसंकोचपणे धरावा.

शाळेच्या दाराशी

शेवटचा मुद्दा शाळेचा आहे. काही ठिकाणी बालवर्गाच्या प्रवेशासाठी आलेल्या मुलाला अनोळखी खोलीत बसवून मणी ओवावयास, रंग ओळखावयास सांगतात, आणि जमले नाही तर प्रवेश नाकारतात. याला चाचणी म्हणू नये. तेथे ठरलेले साहित्य नसते, प्रमाणके नसतात आणि प्रशिक्षित परीक्षकही नसतो. खरी प्रमाणित चाचणी करणाऱ्याला पहिला पाठ असा शिकवतात, की मूल भुकेले, झोपाळलेले वा भेदरलेले असेल तर साहित्य आवरून ठेवावे आणि त्याला दुसऱ्या दिवशी बोलवावे. शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्याने प्रवेशासाठी मुलांची निवडचाचणी घेण्यास मनाई केली आहे, आणि दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्याने समावेशक शिक्षणाची जबाबदारी शाळांवर टाकली आहे. पण कायद्याच्या आधी शिक्षकाचा धर्म येतो. आपण मूल मोजतो ते त्याला बाहेर ठेवण्यासाठी, की आत आल्यावर कोठे बसवावे आणि कसे शिकवावे हे कळण्यासाठी? बिने यांच्यापुढे सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न होता.

म्हणून या शाळेला माझी नम्र विनंती आहे. प्रवेश आधी द्यावा आणि निरीक्षण नंतर करावे. पहिल्या सत्रात प्रत्येक मूल कसे बसते, जिना कसा चढते, खडू कसा धरते, हाक मारली तर वळते की नाही, याची साधी नोंद वर्गशिक्षिकेने ठेवावी. जेथे शंका येईल तेथे पालकांना एकांतात, आपुलकीने सांगावे आणि योग्य ठिकाणी पाठवावे. तपासणीचा अहवाल आला की त्यातील आकडा कपाटात राहू द्यावा. मुलाला काय जमते आणि पुढची पायरी कोणती, एवढी दोन वाक्ये मात्र वर्गात आणावीत. शिकवण्याच्या कामी त्या आकड्यापेक्षा ही दोन वाक्ये अधिक उपयोगी पडतात.

पाळण्यातील पाय आपण पिढ्यान्पिढ्या पाहत आलो. आता हाती मोजपट्टीही आली आहे. डोळ्यांतील माया आणि पट्टीतील काटेकोरपणा एकत्र आले, तर उशिरा चालणारे एखादे मूल वेळेवर मदत मिळून या शाळेचा उंबरठा आपल्या पायांनी ओलांडील. आणि ज्याला पायांनी ओलांडता येणार नाही, त्याच्यासाठी पायरीशेजारी उतार बांधलेला असेल. मोजण्याचे सार्थक एवढ्यातच आहे.